गाळणीला झाकण कशाला?

आमच्या घरात चहाची एक गाळणी आहे. तिची जाळी एका बाजूनं उसवलेली आहे, त्यामुळे दर चार कपांमागे एका कपात पत्ती उतरते, आणि तो कप नेमका माझ्याच वाट्याला येतो. हा निव्वळ योगायोग आहे असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. ते असो. मुद्दा असा की, पत्ती कपात उतरली की ती दिसते. कप हातात असलेला माणूस "अगं, गाळणी बघ जरा" म्हणून ओरडतो. ओरडून उपयोग होत नाही हा भाग वेगळा. पण दोष कुठं आहे याबद्दल घरात दोन मतं राहत नाहीत. गाळणी उघडी असते. उजेडात धरली की भोक दिसतं. ती एका पेटीत बंद करून, पेटीला कुलूप लावून, किल्ली दीडशे किलोमीटरवरच्या सासुरवाडीला ठेवावी, असं अजून तरी आमच्याकडे कुणी सुचवलेलं नाही.

बँकेत मात्र असं सुचवणारे साहेब आहेत. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते आज मी चारचौघांत आणणार आहे.

भांडणाचा विषय आहे छपाईची गाळणी. इंग्रजीत तिला प्रिंट फिल्टर म्हणतात. आता 'बी.कॉम. झालेल्या कारकुनाचा आणि या असल्या गोष्टीचा संबंध काय?' असं आपण विचाराल. हाच प्रश्न मला मुख्य कार्यालयानंही लेखी विचारला होता. तेव्हा संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

२००४ सालची गोष्ट. आमच्या शाखेचा हिशेब लिनक्सवर चालत असे. लिनक्स हा युनिक्सच्या घराण्यातला. पोटचा मुलगा नव्हे, पण चालणं-बोलणं, शिस्त आणि हट्टीपणा सगळा त्याच घरचा. छपाईसाठी १३२ रकान्यांचा एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. त्याचा आवाज असा, की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं एकदा आवाज कमी करण्याबद्दल आमच्याकडे अर्ज दिला होता. एके दिवशी त्याच्या जागी नेटवर्कच्या तारेवर चालणारा लेझर प्रिंटर आला. पुरवठादाराचा माणूस आला, त्यानं तार जोडली, प्रिंटरवरचं एक बटण दाबून नमुन्याचं पान काढलं, चहा घेतला, सही घेतली आणि एसटी चुकेल म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डे-बुक छापायला घेतलं. पहिली ओळ झकास आली. दुसरी ओळ मात्र डाव्या कडेपासून सुरू न होता, पहिली जिथं संपली होती तिथून खाली उतरून सुरू झाली. तिसरी त्याच्याही उजवीकडे. चौथी ओळ कागदाच्या कडेवरून जी दरीत पडली, ती पुन्हा दिसली नाही. हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "हे डे-बुक आहे की पर्वतीच्या पायऱ्या?" शाखाधिकाऱ्यांनी कागद तिरपा धरून पाहिला, मग स्वतः तिरपे झाले. शेवटी ते म्हणाले, "जमा दिसतेय. नावे कुठं गेलं?"

या विकाराला जगभर 'जिन्याचा विकार' असंच म्हणतात, हे मला मागाहून कळलं. कारण अगदी साधं. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं करावी लागत: रूळ फिरवून कागद एक ओळ वर घ्यायचा, आणि गाडी ढकलून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणायची. तारयंत्रांतही या दोन कामांना दोन वेगळे हुकूम होते. युनिक्स हा काटकसरी घरातला. त्यानं ठरवलं, ओळ संपल्याची एकच खूण पुरे. पहिली तेवढी ठेवली. प्रिंटर मात्र जुन्या वळणाचा. 'कागद वर घे' सांगितलं, घेतला. 'गाडी डावीकडे आण' असं कुणी सांगितलंच नाही, मग आणली नाही. सरकारी नोकरीत हा प्रिंटर खूप वर चढला असता.

आता युनिक्स आपली सवय सोडणार नाही आणि प्रिंटर आपली. तेव्हा दोघांच्या मध्ये कुणीतरी बसायला हवा. एका बाजूनं येणारा मजकूर घ्यायचा, प्रत्येक ओळीच्या शेवटी राहिलेली खूण घालायची आणि दुसऱ्या बाजूनं पुढं सोडायचा. हा जो मधे बसणारा, तोच फिल्टर. मला त्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. आवक घ्यायची, नजर टाकायची, शिक्का मारायचा, जावक करायची. आणि कागद कुठून आला, कुठं चालला याची पंचाईत करायची नाही. म्हणजे अस्सल कारकून! त्याला काही खटकलं तर ते लिहायला एक तिसरी, तक्रारवहीसारखी वेगळी वाटसुद्धा युनिक्सनं ठेवली आहे. आमच्या शाखेतली तक्रारवही शाखाधिकाऱ्यांच्या कपाटात असते. म्हणजे त्या बाबतीत युनिक्स आमच्या पुढंच.

आणि हे काही माझ्या पदरचं नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स नुकतंच जन्मलं होतं तेव्हा, १९७१ साली, त्याचे पहिले खरे गिऱ्हाईक कोण होते? शास्त्रज्ञ नव्हेत. पेटंट विभागातले तीन टायपिस्ट. दिवसभर पेटंटचे अर्ज टाइप करून ते नीट मांडून काढायचे, हे त्यांचं काम. त्याच प्रयोगशाळेतल्या डग्लस मॅकिलरॉय या गृहस्थांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं होतं, की बागेची रबरी नळी जशी एकीला एक जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ साली ती जोडणी युनिक्समध्ये आली. तेव्हा हा डोलारा मुळात कचेरीतल्या लिहिणाऱ्या माणसांच्या जिवावर उभा राहिला आहे. मग कचेरीतल्या लिहिणाऱ्या माणसानंच त्याला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय?

तर मी हात लावला. तेव्हा सर्व्हरचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरच्या आत चिकटवलेला असे, त्यामुळे अडचण नव्हती. युनिक्समध्ये 'मॅन' असा हुकूम सोडला की त्या विषयाचं माहितीपत्रक पडद्यावर येतं. ते वाचून वाचून मी 'प्रिंटकॅप' नावाच्या फाइलीपर्यंत पोहोचलो. शाखेतल्या प्रत्येक प्रिंटरची कुंडली त्या फाइलीत. सगळी नावं दोन दोन अक्षरांची: एलपी, एसडी, आरएम, आरपी, आयएफ. पंचांगात ग्रहांची असतात तशी. 'आयएफ'पुढं फिल्टरचं नाव लिहायचं, 'आरएम'पुढं तारेपलीकडच्या प्रिंटरचं. मी दोन्ही लिहिलं. फिल्टर तयार केला. पानाची मांडणी पुन्हा जिन्यासारखीच.

दोन रविवार मी त्या फिल्टरमधली चूक शोधली. फिल्टरमध्ये चूक नव्हतीच. त्या जुन्या व्यवस्थेचा कायदा असा, की 'आरएम' लिहिलं, म्हणजे प्रिंटर परगावचा आहे असं कळवलं, की 'आयएफ'कडे बघायचंच नाही. गाळायचं ते पलीकडचा गाळील. पलीकडे तर नुसता प्रिंटर! मी नेमलेला कारकून अशा खिडकीवर बसला होता, जिच्यासमोर रांगच लागत नव्हती. उपाय माहितीपत्रकात नव्हता, पण बँकेत होता. आमच्याकडे चेक आधी काउंटरवर येतो, पासिंग ऑफिसर तो पास करतो, मग तो कॅशियरकडे जातो. तशा दोन रांगा केल्या. पहिली रांग घरची; तिथं फिल्टर बसवला. फिल्टरचं काम झालं की तोच कागद दुसऱ्या रांगेत टाकायचा, आणि दुसरी रांग तो तारेवरून प्रिंटरकडे धाडणार. डे-बुक सरळ आलं. हेडक्लार्कनी पेढ्याचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. ही घटना शाखेच्या इतिहासात एकमेव आहे.

मी काही चुका केल्याच नाहीत, असं मात्र समजू नका. पोस्टस्क्रिप्ट नावाची एक भाषा असते. त्या भाषेतली फाइल म्हणजे पानाचा मजकूर नव्हे, तर पान कसं काढावं याची प्रिंटरला दिलेली सविस्तर कृती. तिच्या सुरुवातीला %! अशी दोन चिन्हं असतात. शहाणा फिल्टर आधी ती दोन चिन्हं बघतो, आणि ती दिसली की मजकुराला हात न लावता पुढं सोडतो. माझा फिल्टर अजून शहाणा व्हायचा होता. कुणीतरी मुख्य कार्यालयाचं परिपत्रक छापायला टाकलं, आणि त्यानं परिपत्रकाऐवजी परिपत्रकाची पाककृती छापायला घेतली. शिपाईमामा दर पाच मिनिटांनी कागद भरत होते. एक रीम संपल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, हे परिपत्रक सगळ्या जिल्ह्यासाठी आहे का?"

दुसरी चूक याहून वाईट. लेझर प्रिंटरला 'पान संपलं' असं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर शेवटचं अर्धं भरलेलं पान तो पोटात धरून बसतो, दिवा लुकलुकवतो, आणि पुढच्या माणसाचा मजकूर आला की त्याच्या डोक्यावर ते लादून बाहेर काढतो. एका शिक्षकांच्या बचत खात्याच्या उताऱ्यावर, वरच्या भागात, एका किराणा दुकानदाराचं थकीत कर्ज छापून आलं. शिक्षक घाबरले, दुकानदार संतापला. फिल्टरच्या शेवटी पान सोडण्याची एकच खूण घातल्यावर दोघांचे संसार वेगळे झाले.

पण या तिन्ही चुकांत एक गोष्ट लक्षात घ्या. जिना सगळ्यांना दिसला. रीम सगळ्यांना दिसली. दुकानदाराचं कर्ज तर नको तितकं दिसलं. म्हणजे पत्ती कपात आली. लोक ओरडले, मी फाइल उघडली, चूक वाचली, दुरुस्त केली. फिल्टर अकरा ओळींचा होता, आणि पहिल्या ओळीत माझं नाव होतं.

पुढं व्यवस्था बदलली. प्रिंटकॅपची जुनी मांडणी गेली आणि 'कप्स' आली. मायकेल स्वीट या माणसानं लिहायला घेतलेली ही व्यवस्था १९९९ साली लोकांपुढं आली. ॲपलनं २००२ साली ती आपल्या संगणकांत घेतली आणि २००७ साली तिचे हक्कच विकत घेतले. चहाच्या गाळणीवर लिहिणाऱ्या माणसाला कप्स हे नाव आवडणारच. तिच्यात फिल्टरची साखळीच असते: एकाचं जावक ते दुसऱ्याचं आवक. प्रत्येक फिल्टरला कामाचा क्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव, शीर्षक, प्रती आणि पर्याय अशी रीतसर माहिती मिळते. मला ती व्यवस्था मनापासून पसंत आहे. माझी तक्रार कपांबद्दल नाही, झाकणाबद्दल आहे.

२०१४ साली आमच्या बँकेनं ग्राहकांना शिल्लक दाखले मराठीतून द्यायचं ठरवलं. निर्णय उत्तम. त्यासाठी मुख्य कार्यालयानं बाहेरून एक फिल्टर करवून घेतला आणि सगळ्या शाखांत बसवला. तो वाचता येत नव्हता. यंत्राच्या भाषेत बांधून बंद केलेला. पासवर्डही मुख्य कार्यालयात गेला. सोबत परिपत्रक: शाखेतील कर्मचाऱ्यांनी सदर व्यवस्थेस हात लावू नये.

आम्ही लावला नाही. दाखले सुबक येऊ लागले. ओळी सरळ, अक्षर गोमटं. चार महिने कुणाची तक्रार नाही.

मग एक दिवस एक आजी आल्या. आपण त्यांना लक्ष्मीबाई म्हणू. माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी दाखला पुढं केला आणि हळूच विचारलं, "बाळ, खरं सांग. माझ्या खात्यातले पैसे लेकानं काढले का रे?"

दाखल्यावर शिल्लक होती १८४६५. अठरा हजार चारशे पासष्ट. मी पडद्यावर खातं उघडलं. शिल्लक होती १८४६५०.००, म्हणजे एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास. एक पैसा हललेला नव्हता. छापताना उजवीकडचं शून्य आणि मागचे पैसे कापले गेले होते. आणि जे उरलं होतं तेही दिसायला अगदी खरं दिसत होतं.

मी पडदा त्यांच्याकडे फिरवला, आकडा वाचून दाखवला. आजी बाकावर बसल्या. तीन दिवस त्या मुलाच्या हातचं जेवल्या नव्हत्या. "मी त्याला काय काय बोलले रे," एवढंच म्हणाल्या. मामांनी पाणी दिलं. मग उठताना म्हणाल्या, "लिहून दे बाबा. नुसतं सांगितलं तर त्याला वाटेल, आई आता शब्द फिरवतेय." मी त्याच दाखल्यावर पेनानं पूर्ण आकडा लिहिला, अक्षरी लिहिला, सही केली, शिक्का मारला.

त्या संध्याकाळी मी थांबलो. बंद पेटीच्या आत बघता येत नाही, पण एका बाजूनं काही टाकून दुसऱ्या बाजूनं काय येतं ते मोजता येतं. हे तर रोजचंच काम. दोनशे वेळा इंग्रजी 'ए' टाइप करून एक ओळ पाठवली. कागदावर १३२ आले. दोनशे वेळा मराठी 'क' पाठवला. टाचणी लावून मोजले: ४४. आता १३२ भागिले तीन किती, हे सांगायला बी.कॉम. पुरतं.

भानगड अशी. संगणकात इंग्रजी अक्षराला एक घर लागतं, त्याला बाइट म्हणतात. देवनागरी अक्षराला हल्लीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन घरं लागतात. आणि काना, वेलांटी, अक्षराचा पाय मोडणारा हलन्त, या प्रत्येकाला पुन्हा तीन तीन. 'लक्ष्मीबाई' हे नाव इंग्रजीत लिहिलं तर आठ घरं; मराठीत लिहिलं तर तीस. फिल्टर करणाऱ्यानं जुन्या १३२ रकान्यांच्या कागदाच्या आठवणीनं 'ओळ १३२ वर कापावी' असं लिहिलं होतं, आणि तो अक्षरं न मोजता घरं मोजत होता. चूक अगदीच जगावेगळी नाही. लिनक्सवरच्या 'कट' नावाच्या हत्याराला 'अक्षरं मोज' म्हटलं तरी तेही वर्षानुवर्षं घरंच मोजत असे. त्यामुळे ज्याचं नाव आटोपशीर, त्याचा दाखला बिनचूक. ज्याचं नाव जरा लांब, त्याचे फक्त पैसे गेले. ते कुणी बघत नाही. आणि ज्याच्या नावात जोडाक्षरं भरपूर, त्याचे रुपये गेले. नाव मोठं, शिल्लक खोटी!

मी सगळं मोजमाप लिहून मुख्य कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं: विषय आमच्या अखत्यारीत आहे, आपण हात लावू नये. बरं. नाही लावला. पुढचे सत्तावीस दिवस मी लांब नावाचा प्रत्येक दाखला पडद्याशी ताडून, आकडा पेनानं पूर्ण करून, सही-शिक्क्यानिशी दिला. म्हणजे सत्तावीस दिवस आमच्या शाखेचा फिल्टर मीच होतो, आणि तोही पगारवाढीशिवाय. विसाव्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. आरोप: संगणकीय दाखल्यांवर हस्तलिखित खाडाखोड. मी उत्तर दिलं, "खाडाखोड यंत्रानं केली आहे, मी फक्त खोडलेलं भरून दिलं."

आता साहेबांचे आक्षेप घेतो. कारण एकतर्फी भांडण मला घरीसुद्धा करता येत नाही.

पहिला आक्षेप: फिल्टर उघडा ठेवला तर कारकून बिघडवतील. बिघडवतीलच. मी एक रीम घालवून दाखवली आहे. पण ज्याच्या समोर आजी उभ्या राहणार आहेत, त्याला चूक दिसणार, त्याला बोलणी बसणार आणि तोच ती दुरुस्त करणार. खिडकीवर ज्याला बसायचं नाही, त्याच्या हातात किल्ली आणि ज्याला बसायचं आहे, त्याच्या हातात परिपत्रक, ही वाटणीच उलटी आहे. हे दुखणं एकट्या माझं नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रॅमर होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर निरोप जावा, अशी सोय त्यानं स्वतः करून ठेवली होती. नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा प्रोग्रॅम बंद पेटीतला. स्टॉलमन कार्नेगी मेलन विद्यापीठात गेला, ज्याच्याकडे मूळ मजकूर होता त्याच्याकडे मागितला. तो म्हणाला, कुणाला देणार नाही असा मी शब्द दिला आहे. ती ठेच स्टॉलमन विसरला नाही. १९८३ साली त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि आज आपण ज्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतो त्याची चळवळ उभी राहिली. अडकलेल्या कागदातून एवढं निघू शकतं. आमच्याकडून नोटीस निघाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुरक्षितता. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकानं दाखवून दिलं, की कप्सच्या सोबतीचा एक मदतनीस प्रोग्रॅम कुणाही अनोळखी यंत्राचा 'मी प्रिंटर आहे' हा निरोप खरा मानत होता. त्या खोट्या प्रिंटरच्या कुंडलीत हुकूम लपवला, की छापायला कागद टाकताच एक फिल्टर तो हुकूम निमूटपणे पार पाडणार. बातमी वाचून एक साहेब मला फोनवर म्हणाले, "बघा! म्हणून आम्ही झाकण ठेवतो." अहो, पण तिथं चूक झाली ती अनोळखी माणसाचा कागद ओळखपत्र न बघता आवक केल्याची. कुणीही वाचावं म्हणून मजकूर उघडा होता, म्हणूनच तर तो वाचून एका बाहेरच्या माणसाला ती सापडली. वाचू देणं वेगळं आणि कुणालाही लिहू देणं वेगळं. आमच्या बँकेचा ताळेबंद दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतो. म्हणून काही वाचकांनी त्यात आकडे भरावेत असं होत नाही.

तिसरा आक्षेप नव्या दमाच्या साहेबांचा: आता फिल्टरची गरजच उरलेली नाही, प्रिंटर आपोआप ओळखला जातो. खरं आहे, तशी सोय आली आहे, आणि माझ्या मोबाइलवरून मीही ती वापरतो. पण कारकून कमी झालेला नाही, त्याची बदली झाली आहे. पानाचं ठिपक्यांत रूपांतर कुणीतरी करतोच. थोडं यंत्रात, थोडं आता प्रिंटरच्या पोटात. प्रिंटरच्या पोटात तर झाकणावर झाकण.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. २०१४ सालीच मी ती पाच कलमांत लिहून पाठवली होती. एक: फिल्टर वाचता येईल असा असावा, आणि त्याची एक प्रत शाखेत असावी. दोन: त्यानं अक्षरं मोजावीत, घरं मोजू नयेत, आणि मराठीचा फिल्टर मराठी नावं छापून तपासावा, तीही जोडाक्षरांची. तीन: ओळ मावत नसेल तर खालच्या ओळीवर घ्यावी, आणि तेही जमत नसेल तर थांबावं. काम फसलं हे सांगायची सोय प्रत्येक फिल्टरला युनिक्सनं दिलेली आहे. तक्रारवहीत लिहावं, रांग अडवावी, वाटेल ते करावं, पण गुपचूप कापू नये. चार: प्रत्येक काम संपल्यावर पान सोडावं. पाच: पहिल्या ओळीत करणाऱ्याचं नाव असावं. पेनानं सही करणाऱ्याचं असतं, मग कापणाऱ्याचं का नको?

हे पत्र मी चांगल्या लांब लांब ओळींत टाइप करून ई-मेलनं पाठवलं. तीनच दिवसांत उत्तर आलं. मुख्य कार्यालयाच्या मानानं हा विक्रमच. मी अधीरपणे उघडलं.

"आपले पत्र मिळाले. ते आमच्या प्रिंटरवर छापून घेतले असता, प्रत्येक ओळीची उजवी बाजू आलेली नाही. त्यामुळे आपले म्हणणे समजू शकले नाही. कृपया आखूड ओळींत पुन्हा पाठवावे."

मी पुन्हा पाठवलं नाही. हेडक्लार्कनी साहेबांना फक्त एक फोन केला आणि हातातल्या कागदावर एका ओळीत किती अक्षरं आली आहेत, तेवढं मोजायची विनंती केली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, फिल्टर दुरुस्त झाला. माझ्या युक्तिवादानं जे झालं नाही, ते साहेबांच्या स्वतःच्या कपात पत्ती आल्यावर झालं.

झाकण मात्र अजून तसंच आहे.